भाड्याच्या होडीला फिश फायंडर घेताय? जरा थांबा

मंडळी, भाड्याची होडी घेऊन डिंभे किंवा माणिकडोहच्या पाण्यात जाळं टाकणाऱ्यांना माझं स्पष्ट सांगणं आहे, मोठ्या पडद्याच्या महागड्या यंत्राच्या नादी लागू नका. होडी दुसऱ्याची, तिला भोकं पाडता येत नाहीत. काठाला क्लॅम्पने बसणारं, छोट्या १२ व्होल्ट बॅटरीवर चालणारं साधं यंत्र बास झालं.

आवाजाची लहर तळाला आपटून परत येते, त्यावरून खोली कळते. २० अंशांचा झोत १० मीटर खोलीवर जेमतेम साडेतीन मीटर रुंद तळ दाखवतो. म्हणजे दिसतं ते होडीखालचंच. पडद्यावरची खूण कटल्याची की रोहूची, हेही यंत्र सांगत नाही.

खरा फायदा तळ कळण्याचा. डिंभ्याच्या पाण्याखाली अख्खं जुनं आंबेगाव गेलंय. बुडालेल्या झाडाला, भिंतीला जाळं अडकलं की फाटतं, दिवसही वाया जातो.

मग हा खर्च एकेकट्याने का करायचा? मच्छीमार सोसायटीने एक-दोन यंत्रं घ्यावीत, पाळीपाळीने वापरायला द्यावीत. ज्यांची शेतं पाण्याखाली गेली, त्या जुन्या माणसांना होडीत सोबत घेऊन तळाचा नकाशा करावा. कुठं विहीर होती, कुठं बांध, हे त्यांच्याइतकं कोण सांगणार?

आणि होडीत लाइफ जॅकेट नसतील, तर पहिले पैसे त्यावर. सोसायटीच्या पुढच्या सभेत हा विषय काढाच.