उरलेला भात शाळेच्या फाटकाबाहेर जाऊ नये

जेवणाची सुट्टी संपत आली की नळावर गर्दी होते. ताटं विसळली जातात आणि मोरीच्या जाळीवर थर साचतो: भाताची शितं, कढीपत्त्याची पानं, टोमॅटोची सालं. सोलापुरातल्या भवानी पेठेतल्या एका शाळेत मी हे उभं राहून पाहिलं. मावशींनी जाळी मोकळी केली आणि तो गोळा बादलीत टाकला. बादलीत आधीच वेफर्सची रिकामी पाकिटं, पेन्सिलीची टरफलं आणि वहीचे कागद होते. तोवर ते अन्न होतं, बादलीत पडलं आणि कचरा झालं.

शाळेत टाकलं जाणारं अन्न आधी कमी करा, आणि तरीही जे उरेल त्याचं खत शाळेतच करा, एवढीच माझी मागणी आहे. ती का आणि कशी, ते मुद्द्यांनी मांडतो.

1. आधी तोला. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज 100 ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलामागे 150 ग्रॅम तांदूळ ठरलेला आहे. आत किती आलं ते वहीत लिहिलं जातं. ताटात किती राहिलं, हे लिहिणारी वही मी अजून पाहिलेली नाही. समजा, 300 मुलांच्या शाळेत प्रत्येकानं एक मोठा घास, म्हणजे 20 ग्रॅम भात टाकला. रोजचे 6 किलो झाले. शाळेचे 200 दिवस धरले तर 1,200 किलो. एक ताणकाटा आणि एक फळा पुरेसा आहे. सातवीच्या मुलांनी आठवडाभर तोलून आकडा फळ्यावर लिहावा. गणिताचा तासही सत्कारणी लागेल.

2. मुलं का टाकतात, ते त्यांना विचारा, रागावू नका. सकाळी नुसत्या चहावर आलेलं पोरही कधी ताट अर्धं ठेवतं. भात गार झालेला असतो, खिचडी तिखट असते, एकदम डावभर जास्त वाढलेलं असतं, किंवा खेळायला वेळ उरावा म्हणून घाई असते. यातल्या निम्म्या गोष्टी फुकटात सुधारतात. आधी थोडं वाढा, मग मागेल तितकं द्या. हजेरी झाली की त्या दिवसाचा आकडा स्वयंपाकाच्या ठिकाणी कळवा, विशेषतः गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, जेव्हा वर्ग ओस पडतात.

शाळांत शिजवलेलं जेवण द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानं 28 नोव्हेंबर 2001 रोजी दिला, तो मुलांच्या पोटासाठी. म्हणून खताचा ड्रम भरभरून वाहतोय याचा कुठल्याही शाळेनं अभिमान बाळगू नये. ड्रम जितका रिकामा, तितकं काम चांगलं.

3. उरलेलं घंटागाडीत गेलं की प्रश्न मिटत नाही. ओलं आणि सुकं एकत्र झालं की कागदही वाया जातो आणि भातही. तुळजापूर रस्त्यावरच्या कचरा डेपोत ढिगाखाली दबलेलं अन्न हवेविना कुजतं आणि त्यातून मिथेन सुटतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीसपटीहून जास्त उष्णता धरतो. घनकचऱ्याच्या 2016 च्या नियमांनी 5,000 चौरस मीटरपेक्षा मोठ्या आवाराच्या संस्थांना ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायला सांगितलं होतं. पेठेतल्या शाळांची आवारं लहान असली, तरी सहा किलो भातासाठी मैदान लागत नाही, कोपरा पुरतो.

4. पद्धत साधी आहे, पण नेमकी हवी. झाकणाचे निदान दोन मोठे ड्रम घ्या, बाजूला भोकं पाडा, विटांवर ठेवा. तळाशी काटक्या, वर सुकी पानं. रोजचं खरकटं निथळून घाला आणि त्यावर दुप्पट-तिप्पट आकारमानाचा सुका पाला पसरा. सुरुवातीला शेणाचं पाणी किंवा आंबट ताक शिंपडा. आठवड्यातून दोनदा खालवर करा. एक ड्रम भरला की तो मुरू द्या आणि दुसरा सुरू करा.

वास आला तर बहुतेक पाला कमी पडलाय, असं समजा. ओंजळभर माल मुठीत दाबून पाहा: गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी गळू नये. गळलं तर पाला वाढवा, भुगा झाला तर पाणी शिंपडा. सोलापूरच्या उन्हात माल सुकण्याचीच अडचण जास्त येते, म्हणून ड्रम सावलीत ठेवून वर ओलं गोणपाट टाका. आपल्याकडे नळाला रोज पाणी नसतं. म्हणून शिंपडायला तांदूळ धुतलेलं पाणी उत्तम. ताट विसळण्याआधी खरकटं हातानं ड्रममध्ये झाडलं तर विसळायलाही कमी पाणी लागतं.

सुका पाला कुठून आणायचा? आवारातलं झाडलेलं पान आज कित्येक ठिकाणी पेटवून देतात, ते आधी थांबवा. शिवाय शहराच्या पूर्व भागात घरोघरी विड्या वळल्या जातात आणि साच्याच्या मापानं विडीचं पान कापलं की कडेची कात्रणं उरतात. ती सुकी कात्रणं खताला चालतात. तंबाखूचा कण मात्र त्यात नको, कारण पोरांचे हात त्यात जाणार आहेत. हाडं आणि चिंध्याही नकोत.

5. हे काम मावशींच्या गळ्यात टाकू नका. मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते. शाळेत सफाईचं काम आलं की ते ठरावीक मुलांकडे किंवा मुलींकडे सरकतं, आणि कुणाकडे सरकतं हे आपल्या समाजात सगळ्यांना ठाऊक आहे. पाळीचा तक्ता भिंतीवर लावा. त्यात प्रत्येक मुलगा, प्रत्येक मुलगी आणि प्रत्येक शिक्षक हवा, मुख्याध्यापकांसह. हातमोजे, फावडं आणि साबण शाळेनं द्यावा. फलक मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा शाळेच्या माध्यमात असावा, पहिलीच्या पोरांसाठी चित्रांचा.

6. उन्हाळ्याच्या सुट्टीचा विचार आधीच करा. मार्चनंतर नवा ड्रम सुरू करू नका. मुरलेलं खत एप्रिलमध्ये चाळून पोत्यात भरा आणि जूनमध्ये वापरा.

7. खत परत ताटात यायला हवं. शाळांनी परसबागा कराव्यात, असं शासनच सांगतं. जागा नसेल तर गच्चीवर पोत्यांत मेथी, कोथिंबीर, पालक लावा. दारात एक शेवगा लावला तरी शेंगा वरणात पडतील. आपण टाकलेल्या भातावर वाढलेली कोथिंबीर आपल्याच खिचडीवर पडली, हे ज्या मुलानं पाहिलं त्याला अन्न टाकू नये हे वेगळं सांगावं लागत नाही.

8. सुरुवात पालकांनी करावी. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा महिलांच्या. ठराव मांडायला याहून मोठी ताकद लागत नाही. महापालिकेनं आपल्या शाळांना ड्रम, फावडी आणि वर्षातून दोनदा येणारा एक जाणकार माणूस एवढंच द्यावं.

भवानी पेठेतल्या आयांनो, बापांनो, समितीच्या पुढच्या बैठकीला जाताना एक ताणकाटा घेऊन जा. त्या दिवशीचं खरकटं सगळ्यांसमोर तोला आणि तो आकडा इतिवृत्तात लिहायला लावा.