पणाला लावलेली माणसे

मेजाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या रोलप्लेइंग खेळांतील नायक बहुधा अनाथ असतो. त्याचे गाव जळालेले असते, आईबाप मारले गेलेले असतात, भावंडांचा पत्ता नसतो, आणि लग्नाचा तर विषयच नसतो. चारपाच खेळाडू एकत्र येतात, प्रत्येक जण एकेक पात्र घेतो, एक जण सूत्रधार होऊन उरलेले जग सांभाळतो, आणि बोलण्यातून व फाशांतून एक कथा उभी राहते, असा हा प्रकार. कथा रचण्याची ही सामूहिक रीत आहे, म्हणून साहित्याच्या अभ्यासकांनी तिच्याकडे पाहावे असे आम्हांला वाटते; आणि पाहायचेच तर पहिला प्रश्न हा विचारावा, की या कथांतील इतक्या माणसांना घर का नसते?

प्रतिभेचा दुष्काळ हे याचे उत्तर नव्हे. खेळाडू अनुभवाने शहाणे झालेले असतात. पात्राला बहीण आहे असे सांगितले की तिसऱ्या बैठकीत तिचे अपहरण व्हायचे; प्रेयसी आहे म्हटले की खलनायकाला तिचा ठावठिकाणा कळायचा. नातेवाईक म्हणजे सूत्रधाराच्या हाती आपण होऊन दिलेले ओलीस. तेव्हा खेळाडू पहिल्या पानावरच सगळ्या गणगोताला मूठमाती देऊन मोकळा होतो.

हा दोष मुळात नियमांचा आहे, असा आमचा आरोप आहे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा खेळ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला, तो लघुसैनिकांच्या युद्धखेळांच्या कुशीतून. त्यात पात्राची प्रगती मोजली जाई ती मारलेल्या राक्षसांवरून आणि मिळवलेल्या खजिन्यावरून. खेळ जे मोजतो ते घडत राहते. २०१४च्या आवृत्तीत पात्राचे ‘बंध’ लिहिण्याची सोय झाली खरी. पण त्या बंधाला जागल्याचे बक्षीस म्हणजे पुढच्या एखाद्या फाशाला मिळणारी मदत. तलवारीसाठी पानेच्या पाने, आणि आईसाठी एक ओळ!

यावर दोन बाजूंनी आक्षेप येतात. पहिला असा, की घरसंसार हा खेळाचा विषयच नव्हे. खेळावे ते साहस. असे म्हणणाऱ्यांना भातुकलीचा विसर पडलेला दिसतो. तलवार हाती येण्यापूर्वी आपल्याकडच्या मुलांनी खोटा भात रांधला आहे, बाहुलीचे लग्न लावले आहे आणि व्याह्यांचे रुसवे काढले आहेत. संसार हा भूमिकाखेळाचा मूळ विषयच आहे.

दुसरा आक्षेप अधिक चतुर आहे. प्रेमाला नियम कशाला, ते अभिनयावर सोडा, असे हे लोक सांगतात. परंतु नियम जिथे गप्प बसतात तिथे मेजावरच्या सवयी बोलू लागतात. या सवयींपैकी सर्वांत ओंगळ म्हणजे दारूच्या गुत्त्यातील मुलीवर फासा टाकणे. वीस बाजूंच्या फाशावर वीस पडले, की ती वश झाली म्हणायचे! वास्तविक २०१४च्या नियमांत अशा फाशाला वीस पडले म्हणून यश आपोआप मिळत नाही. तरी मेजावर ते मिळते, कारण पेटीचे कुलूप उघडण्याची आणि माणसाचे मन वळवण्याची रीत तिथे एकच आहे. कुलपाला स्वतःची इच्छा नसते, एवढा फरकही कोणाच्या ध्यानात येत नाही.

नियमांनी याहून वेगळे घडवता येते, याचे दाखले आहेत. ग्रेग स्टॅफर्ड यांचा ‘पेंड्रॅगन’ हा खेळ १९८५चा, आर्थर राजाच्या सरदारांचा. त्यात साधारणपणे वर्षाला एकच साहस, आणि मग हिवाळा. त्या हिवाळ्यात जमिनीचे उत्पन्न, लग्न, मुलांचे जन्ममृत्यू आणि म्हातारपण यांचे फासे पडतात. सरदार मेला की खेळाडू त्याच्या वारसाला घेऊन पुढे जातो. प्रेमालाही तिथे आकडा आहे; ते लढाईत बळ देते, आणि फासा अगदी उलटला तर वेडही लावते. घर इथे ओलीस राहत नाही, कारण त्याच्यावाचून खेळ पुढे सरकतच नाही. दोष आहे तो असा, की सरदाराची बायको बहुतांशी हुंड्याच्या आणि बाळंतपणाच्या तक्त्यांतच राहते. तिला घर मिळाले, पण आवाज मिळाला नाही.

हा आवाज पुढच्या पिढीने शोधला. एव्हरी ऑल्डर यांच्या २०१२च्या ‘मॉन्स्टरहार्ट्स’मध्ये आपल्या पात्राला कोणाची ओढ वाटावी हे आपण ठरवू शकत नाही, त्या ओढीचे काय करायचे, एवढेच आपल्या हाती. ॲलेक्स रॉबर्ट्स यांच्या २०१९च्या ‘स्टार क्रॉस्ड’मध्ये दोनच खेळाडू आणि लाकडी ठोकळ्यांचा एक मनोरा. दोघांची पात्रे एकमेकांकडे ओढली जातात, आणि जवळ येऊ नये असे सबळ कारणही असते. मनोरा कोसळला की संयम सुटला. प्रेमात माणसाचे स्वतःवरचे स्वामित्व डळमळते, हे इथे खेळाडूच्या थरथरत्या बोटांना कळते. अशा ठिकाणी प्रेम जिंकण्याची वस्तू उरत नाही.

मेजाभोवती खरी माणसे बसलेली असतात, त्यांच्या संकोचाचे काय, हा प्रश्न उरतो आणि तो रास्त आहे. रॉन एडवर्ड्स यांनी २००३ साली त्यावर ‘रेषा’ आणि ‘पडदे’ अशी विभागणी सुचवली. रेषेपलीकडचे कथेत येणारच नाही. पडद्याआडचे घडेल, पण दाखवले जाणार नाही. संगीत नाटकांवर वाढलेल्या आपल्या रसिकाला पडद्याचे महत्त्व सांगायला नको. हा करार खेळाआधी व्हावा, याबद्दल दुमत नसावे. मात्र काय टाळायचे हे ठरले म्हणजे काय घडवायचे हेही ठरले, अशी समजूत करून घेणे हा आळस आहे.

फाशांच्या खेळात घरच्या माणसांना पणाला लावण्याची कथा आपल्याला नवी नाही. महाभारतातील द्यूतात युधिष्ठिराने भावांना, स्वतःला आणि शेवटी द्रौपदीला पणाला लावले. पण व्यासांनी तिला सभेत उभे करून प्रश्न विचारू दिला: आधी स्वतःला हरलेल्याला मला पणाला लावण्याचा अधिकार होता काय? त्या प्रश्नाने सभा निरुत्तर झाली. आजच्या मेजावर पणाला लागलेल्या बहिणीला तोंडच नसते.

म्हणून सूत्रधारांकडे आमची मागणी स्पष्ट आहे. खेळाडूने दिलेल्या आप्ताला त्याच्या संमतीवाचून मारू नये वा पळवू नये. प्रेमाला नकार देण्याचा अधिकार प्रत्येक पात्राला असावा, आणि तो फाशाने फिरू नये. प्रत्येक साहसानंतर एक प्रसंग घरचा असावा, त्यात घरच्यांनी काही मागावे, आणि त्या मागण्याने नायकाला पुढची वाट बदलावी लागावी. एवढे झाले, तर पहिल्या पानावर आईबापांना मारून टाकण्याचे कारण खेळाडूला उरणार नाही.