आंबा पिकविण्याची घाई

चैत्राच्या आरंभींच कल्याणच्या बाजारांत पिवळाधमक हापूस दिसूं लागतो आणि घरोघरीं एकच चर्चा सुरू होते : आंबा आढींतला कीं 'पावडरीचा'? ही शंका रास्त आहे. परंतु तिच्यामागोमाग जें सरसकट बोललें जातें, कीं वायूनें पिकविलेलें फळ म्हणजे विषच, तें मात्र आम्हांस पटत नाहीं.

कारण वायूवांचून आंबा पिकतच नाहीं. इथिलीन नांवाचा हा वायु फळ स्वतःच निर्माण करितें. नेल्यूबोव्ह या रशियन शास्त्रज्ञानें १९०१ सालीं दाखविलें, कीं दिव्याच्या गॅसमधील या वायूच्या अल्पांशानेंहि वाटाण्याचे कोंब वेडेवांकडे वाढतात; आणि १९३४ सालीं गेन या इंग्रज शास्त्रज्ञानें पिकत्या सफरचंदांतून तोच वायु बाहेर पडतो हें सिद्ध केलें. आपल्या आजीबाईंना हीं नांवें ठाऊक नव्हतीं. तरी पेंढ्याच्या आढींत त्या हाच वायु कोंडून ठेवीत असत. एक आंबा पिकूं लागला कीं तो शेजारच्यास जणूं निरोप धाडतो. निरोप ऐकणारा कान म्हणजे पेशींतील एक प्रथिन. त्यांत तांब्याचा अणु बसविलेला असतो व वायु त्यासच चिकटतो. नवल असें, कीं याच घडणीचीं प्रथिनें पाण्यांतील कांहीं नीलहरित जीवाणूंतहि सांपडतात. वनस्पतींस हा कान त्यांच्याच पूर्वजांकडून मिळाला असावा, असें शास्त्रज्ञ मानतात.

पण निरोप शत्रूच्याहि कानीं पडतो. करपा रोगाची बुरशी कोवळ्या आंब्यावर येऊन बसते आणि फळ कच्चें आहे तोंवर मुकाट्यानें वाट पाहते. १९९४ सालीं फ्लैशमन व कोलट्टुकुडी यांनीं दाखविलें, कीं पिकत्या फळाचा इथिलीन लागतांच अशा बुरशीचे बीजाणू रुजतात व सालींत शिरण्याचीं साधनें बनवितात. हिरवा असतां निष्कलंक दिसलेला आंबा आढींत काळ्या डागांनीं भरतो, त्याचें एक मर्म हें.

मग पावडर ती कोणती? कॅल्शियम कार्बाइड. ओलावा लागतांच तींतून ॲसिटिलीन निघतो. तो इथिलीनची नक्कल करितो खरा, परंतु त्या पुडींत सोमल व फॉस्फरस यांचे अंश असतात. म्हणून फळें पिकविण्यास तिचा उपयोग कायद्यानें बंद आहे. उलट इथिलीन वायु दशलक्ष भागांत १०० भागांपर्यंत वापरण्यास भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानें २०१६ सालीं मान्यता दिली. दोहोंस एकाच मापानें मोजणें हा अन्याय होय. त्यानें प्रामाणिक व्यापाऱ्याचें नुकसान होतें आणि लबाडाचें फावतें.

आमचा खरा आक्षेप घाईवर आहे, आणि तो ग्राहकावरहि आहे. पाडव्यास ताटांत आंबा हवाच, या हट्टापायीं कोवळीं फळें उतरविलीं जातात. वायु त्यांस रंग देईल. झाडावर न भरलेला गर गोड मात्र करूं शकणार नाहीं.

विद्यार्थ्यांनीं घरीं एक कच्चें केळें पिकल्या आंब्याबरोबर कागदी पिशवींत ठेवावें, दुसरें उघड्यावर ठेवावें, आणि कोणतें आधीं पिवळें होतें तें वहींत टिपावें. पालकांनीं आढींत डागी आंबा दिसतांच तो बाहेर काढावा. सडणारें फळ अधिक वायु सोडतें व शेजारच्या फळांसहि अवेळीं पिकवितें.