घाटी गाडीने, सडा सायकलने

पावसाळा सरून सड्यावरचे गवत पिवळे पडू लागले की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो : 'डॉक्टर, आता सायकल काढायला हरकत नाही ना?' विचारणारे साठी-सत्तरीचे असतात आणि बहुधा त्यांच्या मागे उभी असलेली मुलगी किंवा सून 'नाही म्हणा' अशी खूण करीत असते. दोघांचेही म्हणणे खरे आहे. हालचाल थांबली की या वयात स्नायू, तोल आणि उमेद ही तिन्ही झपाट्याने ओसरतात. उलटपक्षी, एका पडण्यात खुब्याचे हाड मोडले तर पुढचे अनेक महिने साऱ्या घराचे होऊन बसतात. म्हणून 'सायकल चालवावी की नाही' यापेक्षा 'कोणत्या रस्त्यावर चालवावी' हा प्रश्न आधी सोडवला पाहिजे. औषधाची मात्रा ठरवतो तसाच रस्ताही ठरवावा लागतो.

अलीकडे या हौसेला एक नवे निमित्त मिळाले आहे. परदेशी असलेली मुले-नातवंडे आल्प्स पर्वतातील सायकल सहलींची छायाचित्रे पाठवतात. डांबर नसलेल्या, खडीच्या वाटांवर चालणारी जाड टायरची ही सायकल 'ग्रॅव्हल बाइक' म्हणून ओळखली जाते. इटलीतील कोले देल्ले फिनेस्त्रे ही २,१७८ मीटर उंचीची खिंड अशा सायकलस्वारांत प्रसिद्ध आहे. तिच्या चढाचे अखेरचे सुमारे आठ किलोमीटर आजही कच्चे आहेत. मात्र त्या छायाचित्रांत न दिसणारी एक गोष्ट लक्षात घ्यावी. आल्प्समध्ये पुष्कळ लोक सायकल घेऊन रोपवेने, रेल्वेने किंवा स्वित्झर्लंडच्या पिवळ्या पोस्टबसने वर जातात आणि आपल्याला झेपेल तेवढाच भाग चालवतात. त्यात कोणालाही कमीपणा वाटत नाही. आपण घ्यावा असा धडा हाच आहे.

आपल्या भूमीचा स्वभाव

रत्नागिरीत आल्प्सची उंची नाही. शहराभोवतीचे सडे समुद्रसपाटीपासून शे-दीडशे मीटरांच्या आसपास आहेत. त्यामुळे विरळ हवेचा त्रास येथे संभवत नाही. आपली अडचण निराळी आहे. वस्ती खाडीकाठी, नदीकाठी किंवा किनाऱ्याला. वर जांभ्याचा सपाट सडा. आणि या दोहोंना जोडणारी अरुंद, वळणांची घाटी. चढ लांब नसतो, पण उभा असतो. भरीस दमट हवा असते. घाम निघतो, पण लवकर वाळत नाही. त्यामुळे शरीर थंड होत नाही आणि थोड्या श्रमातही हृदयावर जास्त ताण येतो.

उतरण त्याहून फसवी. उतरताना दम लागत नाही म्हणून धोका नाही असे वाटते. प्रत्यक्षात त्या वेळी सारा भार बोटांच्या पकडीवर, नजरेवर आणि क्षणात निर्णय घेण्याच्या शक्तीवर पडतो. वयोमानाने नेमक्या याच गोष्टी मंदावलेल्या असतात. जांभ्याच्या सुट्या खरीवर पुढचा ब्रेक एकाएकी दाबला तर चाक घसरते. ज्यांचे घर सड्यावर आहे त्यांनी सकाळच्या गारव्यात खाली उतरायचे आणि ऊन चढल्यावर, थकलेल्या पायांनी वर यायचे, हा क्रम तर सर्वांत वाईट.

म्हणून माझे सूत्र असे : घाटी गाडीने, सडा सायकलने. ओळखीच्या टेंपोतून सायकल वर न्यावी, सपाटीवर अर्धा-पाऊण तास चालवावी आणि तशीच खाली आणावी. माझ्याकडे येणारे एक निवृत्त शिक्षक, वय ७१, रोज घाटी चढून गुडघे सुजवून घेत. घरच्यांनी सायकलीला कुलूप घातले, तेव्हा ते बोलेनासे झाले. आता आठवड्यातून तीन दिवस मुलगा कामावर जाताना त्यांना सायकलीसह वर सोडतो आणि तासाभराने शेजारचा टेंपोवाला परत आणतो. गुडघे पूर्ण बरे झालेले नाहीत. पण सूज उतरली आहे आणि घरातला अबोलाही संपला आहे.

कोणते रस्ते, कोणते नाहीत

भाट्याच्या पुलावरून खाडी ओलांडली की किनाऱ्यालगत थोडे अंतर सपाट आहे. ज्यांनी अनेक वर्षांनी सायकल हाती घेतली त्यांनी पहिले पंधरा दिवस एवढ्यावरच समाधान मानावे. पुढचा चढ गाडीने पार करून गोळपच्या सड्यावर सराव वाढवता येतो. मात्र पावसला उतरण्याआधीच मागे फिरावे.

उक्षी, जांभरूण, कशेळी येथील कातळशिल्पांचा परिसर एखाद्या रविवारी कुटुंबासह जाण्याजोगा आहे. कोकणातील ही शिल्पे २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत आली. जवळपर्यंत मोटारीने जावे, सड्यावरच्या वाटेने थोडी सायकल चालवावी आणि शिल्पांपाशी मात्र पायीच जावे. त्यांवरून चाक नेऊ नये.

आरे-वारेमार्गे गणपतीपुळ्याचा रस्ता अतिशय देखणा आहे. परंतु तेथील तीव्र उतार, वळणे आणि समुद्र पाहण्यासाठी अचानक थांबणाऱ्या मोटारी पाहता तो मोटारीतूनच पाहावा. आंबा आणि कुंभार्ली हे घाट अवजड वाहतुकीचे. त्यांचा विचार ज्येष्ठांनी करू नये. वाडीतल्या पाखाडीवर सायकल हातात धरूनच उतरावे. सावलीतल्या कातळावर पावसाळ्यानंतरही बराच काळ शेवाळ राहते. पहाटे दंव पडले की ते अधिकच निसरडे होते.

आंब्याला मोहोर आला की बागांत औषधफवारणी सुरू होते. दमेकऱ्यांनी फवारणीच्या दिवशी त्या बाजूला जाऊ नये. विसाव्यासाठी गडग्यावर किंवा दगडांच्या राशीवर नीट पाहिल्याशिवाय बसू नये, कारण आपल्या कातळावर फुरसे आढळते. सर्पदंश झालाच तर आवळून बांधणे, कापणे, चोखणे यांपैकी काहीही न करता, तो अवयव न हलवता, ताबडतोब रुग्णालय गाठावे.

निघण्यापूर्वी

जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचवला आहे. ६५ वर्षांपुढील व्यक्तींनी शिवाय आठवड्यातून निदान तीन दिवस तोलाचे आणि ताकदीचे व्यायाम करावेत असे म्हटले आहे. सायकलीने हृदय आणि मांड्यांना चांगला व्यायाम होतो, पण शरीराचा भार सीटवर असल्यामुळे हाडांना चालण्याइतका लाभ होत नाही. म्हणून सायकल सुरू केली तरी चालणे सोडू नये.

भिंतीजवळ उभे राहून, आधार न घेता, एका पायावर दहा सेकंद तोल सांभाळता येतो का ते पाहावे. येत नसेल तर आधी तोलाचे व्यायाम करावेत. छातीत दुखणे, चक्कर, शुद्ध हरपणे, फिट्स, कंपवात, हृदयाच्या झडपेचा विकार किंवा अलीकडचा हृदयविकाराचा झटका असल्यास डॉक्टरांच्या संमतीशिवाय निघूच नये. अशांपैकी अनेकांना घरातली एका जागी उभी असलेली व्यायामाची सायकल चालू शकते.

श्रमाचे माप सोपे आहे : चालवताना बोलता आले पाहिजे. वाक्य तुटू लागले की थांबावे. रक्तदाबासाठी मेटोप्रोलोलसारखी बीटा ब्लॉकर गटातील गोळी चालू असेल तर नाडी फारशी वाढत नाही. तेव्हा मनगटावरच्या घड्याळातील आकड्यावर विसंबू नये. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्या मधुमेहींची साखर सायकल चालवताना आणि त्यानंतर काही तासांनीही उतरू शकते. रिकाम्या पोटी निघू नये. खिशात ग्लुकोज किंवा साखर असावी. लघवी वाढवणारी गोळी असल्यास पाणी किती प्यावे हे डॉक्टरांना विचारून ठरवावे.

सायकल आडव्या दांड्याची नसावी. पाय उंच टाकून चढताना-उतरतानाच अनेकजण पडतात. सीटवर बसल्या बसल्या दोन्ही पावले जमिनीला टेकावीत. टायर जाड असावा. त्याच्या कडेवर लिहिलेल्या मर्यादेत राहून हवा थोडी कमी ठेवल्यास खरीवर पकड चांगली मिळते. हेल्मेट प्रत्येक वेळी हवेच.

घरच्यांसाठी

बंदी घालण्याऐवजी अटी ठरवाव्यात. कोणत्या वाटेने जाणार, किती वाजता परतणार हे सांगूनच निघणे. दहाच्या आत घरी येणे. शक्यतो सोबतीने जाणे. दऱ्याखोऱ्यांत अनेक ठिकाणी मोबाइलला रेंज नसते, म्हणून परतायची वेळ टळल्यावर कोणी शोधायला निघायचे हे आधीच ठरलेले असावे. खिशातल्या चिठ्ठीत नाव, आजार, औषधे आणि घरचा फोन क्रमांक असावा. मदतीसाठी १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक प्रत्येकाला पाठ हवा. विसराळूपणा वाढला असेल, ओळखीच्या वाटेवर चुकणे होत असेल, तर एकट्याने पाठवू नये.

आणि एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. रक्त पातळ करणारी औषधे चालू असताना डोक्याला मार लागला, तर जखम दिसत नसली तरी त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. वृद्धांमध्ये मेंदूवरच्या आवरणाखाली रक्त हळूहळू साचू शकते. पडल्यानंतर काही आठवड्यांनी डोकेदुखी, गुंगी, चालण्यात झोक जाणे किंवा अचानक वाढलेला विसर दिसला, तर 'वय झाले' म्हणून सोडून देऊ नये. त्या पडण्याची हकिकत डॉक्टरांना आवर्जून सांगावी. पुष्कळ वृद्ध सायकल बंद होईल या धास्तीने पडल्याचे लपवतात. घरात रागावणे कमी असेल तर हे वेळेवर कळते, आणि वेळेवर कळले तर बहुतेकदा उपचारही होतो.