एक चिंचोका येणे

गोरेगावला एका चर्चच्या आवारात बालवर्ग भरतो. भाचीला आणायला एकदा तिथे गेलो होतो. वर्ग सुटायला अवकाश होता म्हणून दाराशी उभा राहिलो. आत दुकान-दुकान चालले होते. बिस्किटांचे रिकामे पुडे हा माल, चिंचोके ही नाणी. बाई चटईवर नुसत्या बसून होत्या. मध्येच गिऱ्हाईक होऊन त्यांनी दोन पुडे मागितले आणि पाच चिंचोके पुढे केले. एका पुड्याची किंमत तीन चिंचोके ठरलेली होती. दुकानदारीण, म्हणजे आमची भाची, बुचकळ्यात पडली. तिने चिंचोके मांडून पाहिले, पुन्हा मांडले आणि म्हणाली, "एक राहिला. उद्या आणून द्या." बाई काही न बोलता पुडे घेऊन उठल्या. शेजारी उभे असलेले एक पालक पुटपुटले, "फी घेतात आणि खेळवतात!"

ही तक्रार अनेकांची असते. तिच्या मुळाशी गैरसमज आहे तो 'खेळवणे' या क्रियापदाविषयी. खेळवणे म्हणजे मुलाला मोकळे सोडणे नव्हे, आणि खेळाच्या वेष्टनात धडा गुंडाळून देणेही नव्हे. सहा वजा पाच हे बाईंनी सांगितले असते तर तो धडा झाला असता. त्या गिऱ्हाईक झाल्याच नसत्या तर ती वजाबाकी उद्भवलीच नसती. अडचण मोठ्यांनी योजावी, उत्तर मुलाने काढावे, एवढीच ही रीत आहे. आणि ती अवघड आहे, कारण तिच्यात शिक्षकाला गप्प बसावे लागते.

किंडरगार्टन हे नाव देणारा फ्रेडरिक फ्रोबेल हा धर्मोपदेशकाचा मुलगा. तरीही १८५१ मध्ये प्रशियाच्या सरकारने नास्तिकपणाचा ठपका ठेवून किंडरगार्टनवर बंदी घातली, ती १८६० पर्यंत टिकली. आज तीच रीत चर्चच्या आवारात सुखाने नांदते आहे हे पाहून त्याला गंमत वाटली असती.

मराठीशी या रीतीचे नाते आपण समजतो त्याहून जुने आहे. १८८६ मध्ये अमेरिकेला गेलेल्या पंडिता रमाबाईंनी फिलाडेल्फियात किंडरगार्टन पद्धतीचे शिक्षण घेतले, आणि मुलांसाठी मराठी वाचनपुस्तके लिहिण्याचे कामही हाती घेतले. पद्धत परकी, पुस्तके मात्र मराठी, हा त्यांचा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. पुढे १९४५ मध्ये ताराबाई मोडक अनुताई वाघांसह बोर्डीला गेल्या, तेव्हा महागड्या माँटेसरी साहित्याच्या जागी बिया, शंख-शिंपले, पाने आली. 'बालवाडी' हा शब्दही पाहावा. किनारपट्टीच्या बोलीत वाडी म्हणजे झाडा-माडांची बाग. किंडरगार्टनला याहून नेमका प्रतिशब्द कोणता मिळणार? आपण तो झोपडपट्टीतल्या मुलांसाठी राखून ठेवला आणि स्वतःच्या मुलांसाठी 'के.जी.' ही दोन अक्षरे घेतली. त्या अक्षरांत बाग कुठे आहे हे कुणी विचारत नाही.

माझा मुख्य मुद्दा भाषेचा आहे. हीच भाची आधी दुसऱ्या एका बालवर्गात जात असे. खेळणी तिथेही होती, उलट अधिक चांगली होती. पण खेळताना इंग्रजीतच बोलायचे असा दंडक होता. ती ठोकळे रचून मुकाट उठायची. घरी मात्र तोंड मिटत नसे. चर्चच्या वर्गातही गाणी इंग्रजीच आहेत, परंतु खेळात बाई मुलांना मराठी, हिंदी, कोंकणी जे तोंडी येईल ते बोलू देतात. 'उद्या आणून द्या' हे वाक्य ज्या भाषेत उधारी ऐकली, त्याच भाषेत सुचते. दंडक असता तर भाचीने फार तर 'नो' म्हटले असते.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ या वयोगटासाठी खेळातून शिकण्याचा पुरस्कार केला, शक्य तिथे मातृभाषेचाही. व्यवहारात पहिली गोष्ट माहितीपत्रकांत झळकते, दुसरी गाळली जाते. आपल्यासारखे भाषेचे अध्यापकही 'मराठी वाचवा' परिसंवादांत पदवीवर्गाच्या घटत्या संख्येवर तासन्‌तास बोलतात, बालवर्गाकडे मात्र फिरकत नाहीत. मीही भाचीच्या निमित्तानेच गेलो.

रिक्षात बसल्यावर तिने पहिली गोष्ट सांगितली ती ही, की बाईंकडून एक चिंचोका येणे आहे.