सुंठीवाचून दुखणं गेलं?

डेडलाइन आणि पाळी, दोघींचं काहीतरी साटंलोटं असावं. परवा मीटिंगमध्ये अशी कळ आली, की टेबलाची कड घट्ट धरून बसले. एडिटरनं विचारलं, ‘काय गं, बरी आहेस ना?’ म्हटलं, ‘अ‍ॅसिडिटी.’ आपण सगळ्याजणी हेच सांगतो ना?

घरी आई काढा घेऊन हजर. सुंठ, ओवा, गूळ. ‘अगं, तुझी आजी हेच द्यायची.’ प्यायले, झोपले, सकाळी एकदम फ्रेश! आई खूश.

पण पाळीची कळ एक-दोन दिवसांत आपोआपही ओसरते. मग क्रेडिट कुणाचं? सुंठीवाचून खोकला जातो, तसं दुखणंही गेलं असेल तर?

म्हणूनच तुलना हवी. २००९मध्ये प्रसिद्ध झालेल्या इराणमधल्या एका चाचणीत १५० विद्यार्थिनींचे तीन गट होते. एकाला सुंठीच्या २५० मिलिग्रॅमच्या कॅप्सूल, दिवसातून चारदा, पहिले तीन दिवस. बाकी दोघांना नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या. आराम जवळपास सारखाच! मात्र त्यात औषध नसलेली, नुसती दिसायला तशी कॅप्सूल घेणारा गट नव्हता. २०१२च्या चाचणीत तोही होता. १२० मुलींच्या त्या चाचणीतही सुंठवाल्यांचं दुखणं जास्त कमी झालं.

यात लॉजिकही आहे. पाळीत प्रोस्टाग्लॅंडिन नावाची द्रव्यं गर्भाशय आवळतात, म्हणून कळा येतात. गोळ्या ही द्रव्यं तयार होणं रोखतात. आल्यातले काही घटकही प्रयोगशाळेत तेच करताना दिसलेत.

तरी लगेच नाचू नका. २०१६मध्ये कॉक्रेन या संस्थेनं अशा पूरक उपायांच्या २७ चाचण्या तपासल्या; त्यांत ३,१०१ स्त्रिया होत्या. सुंठ आणि मेथीच्या बाजूनं थोडाफार पुरावा मिळाला, पण भक्कम म्हणावा असा एकाही उपायासाठी नाही.

मग मीही डायरी केली. दुखण्याला दहापैकी मार्क. पहिल्या महिन्यात काढा : सहा. दुसऱ्यात गोळी : पाच. तिसऱ्यात दोन्ही : नऊ! आई म्हणाली, ‘लग्नानंतर थांबतं गं.’ मी डायरी उचलली आणि थेट गायनॅककडे गेले.

त्यांनी काढ्याला नावं ठेवली नाहीत. एवढंच विचारलं, ‘पाळी नसतानाही दुखतं का?’

दुखतं. कधीपासून, तेही आठवेना.

एंडोमेट्रिओसिस असू शकतं, म्हणाल्या. यात गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढतं. अनेकींना हे कळायलाच कित्येक वर्षं लागतात, कारण ‘बायकांना दुखायचंच’ हे आपल्याला पाठ असतं.

सोनोग्राफी शुक्रवारी आहे. सुंठीचा डबा ओट्यावर आहेच, त्याच्याशी माझं भांडण नाही. पण या वेळी एडिटरला सुट्टीचं खरं कारण सांगितलंय. अ‍ॅसिडिटी नाही, पाळी.