सहरीच्या वेळी आलेला फॉरवर्ड

रमजानमध्ये आमचा मोहल्ला पहाटे तीन-साडेतीनलाच जागा होतो. १९ मार्चला त्याचा एक वेगळाच फायदा झाला. भारतीय वेळेनुसार ३ वाजून २७ मिनिटांनी सुनीता विल्यम्स, बुच विल्मोर आणि त्यांचे दोन साथीदार फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात उतरले, तेव्हा आमच्या स्वयंपाकघरात चहा उकळत होता आणि मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला होता. आठेक दिवसांसाठी गेलेली बाई २८६ दिवसांनी घरी येत होती. कुपीभोवती डॉल्फिन घिरट्या घालताना दिसले तेव्हा घरातली लहान मुले सहरी विसरून टाळ्या पिटायला लागली.

सहरी संपायच्या आत पहिला फॉरवर्ड येऊन पडला. अंतराळातून सगळी पृथ्वी काळोखी दिसते, फक्त मक्का आणि मदिना ताऱ्यांसारखे चमकतात, ते पाहून सुनीताने इस्लाम कबूल केला, असा मजकूर. पाठवणारे गृहस्थ शिकलेले, पाच वक्त नमाजी. ही अफवा नवी नाही. सुनीता यापूर्वी अंतराळात गेली होती तेव्हापासून ती फिरते आहे. स्वतः सुनीताने गीता आणि गणपतीची मूर्ती सोबत नेल्याचे जाहीरपणे सांगितले आहे, आणि अंतराळ स्थानकातून रात्रीची पृथ्वी पाहिली तर मुंबईपासून कैरोपर्यंत शेकडो शहरे लखलखताना दिसतात. पण फॉरवर्ड करणाऱ्याला एवढा वेळ कुठे?

तिच्याही आधी नील आर्मस्ट्राँग होता. त्याने चंद्रावर अजान ऐकली आणि नंतर कैरोत तोच आवाज ऐकून तो मुसलमान झाला, ही कथा आम्ही लहानपणी मोठ्या भक्तिभावाने ऐकली आहे. ती इतकी पसरली की १९८३ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याला आपल्या वकिलातींना कळवावे लागले, की आर्मस्ट्राँगने धर्म बदललेला नाही, मात्र कोणाच्या भावना दुखावण्याचीही त्याची इच्छा नाही. चंद्रावर हवा नाही आणि हवेविना आवाज जात नाही, हे आमच्या शाळेच्याच पुस्तकात होते. विज्ञानाच्या तासाला ते पाठ करायचे आणि घरी येऊन ती कथा ऐकायची, दोन्हींची गाठ कधी पडलीच नाही.

दुपारी स्टाफरूममध्ये विषय निघाला, तेव्हा एका सहकाऱ्यांनी हसत हसत सूर्यातून ऐकू येणाऱ्या ॐचा जुना व्हिडिओ काढून दाखवला. "सर, आमच्याकडेही आहे हो," म्हणाले. निर्वात पोकळी कोणाच्याच बाजूने नाही, यावर आमचे एकमत झाले.

हे असे का होते? अज्ञान हे सोपे उत्तर झाले, पण ते मला पुरे वाटत नाही. फॉरवर्ड करणारे बहुतेक पदवीधर आहेत. मला वाटते, एवढे मोठे काही घडताना त्यात आपला हात नव्हता, ही सल असते. यान आपण बांधले नाही, दुर्बीण आपली नाही, मग निदान साक्ष तरी आपल्या धर्माची निघावी. गुजरातमधल्या झुलासणला, म्हणजे सुनीताच्या वडिलांच्या गावी, लोकांनी ती परतेपर्यंत देवळात अखंड ज्योत तेवत ठेवली. त्याला मी अंधश्रद्धा म्हणणार नाही. ती आपल्या माणसाची काळजी होती. दुआ मागणे वेगळे आणि खोटी साक्ष देणे वेगळे.

आणि खोट्या साक्षीबद्दल आमच्याकडे निःसंदिग्ध दाखला आहे. पैगंबरसाहेबांचा लहानगा मुलगा इब्राहिम वारला त्याच दिवशी सूर्याला ग्रहण लागले. मदिनेतले लोक म्हणू लागले, इब्राहिमच्या मृत्यूमुळे सूर्य झाकोळला. श्रद्धा वाढवायला याहून सोयीची अफवा कोणती? गप्प बसले असते तरी भागले असते. पण पुत्रशोकात असतानाही त्यांनी लोकांना सांगितले, की सूर्य-चंद्र अल्लाहच्या निशाण्या आहेत, कोणाच्या मरणाने किंवा जन्माने त्यांना ग्रहण लागत नाही. ही हदीस ग्रहणाच्या नमाजच्या वेळी सांगितली जाते. फॉरवर्डच्या वेळी ती कोणाला आठवत नाही.

दुसरी प्रतिक्रिया याच्या अगदी उलट्या टोकाची, ती फेब्रुवारीत दिसली. '२०२४ वायआर ४' नावाचा लघुग्रह २२ डिसेंबर २०३२ रोजी पृथ्वीवर आदळण्याची शक्यता १८ फेब्रुवारीला ३.१ टक्क्यांवर गेली. संभाव्य पट्ट्यात अरबी समुद्र आणि दक्षिण आशिया होते, त्यामुळे वाहिन्यांवर मुंबई लगेच झळकली. आठवड्याभरात तीच शक्यता ०.००४ टक्क्यांवर आली. "बघा, शास्त्रज्ञ रोज शब्द फिरवतात," असे लोक म्हणू लागले. वास्तविक त्यांनी शब्द फिरवला नव्हता. निरीक्षणे थोडी असतात तेव्हा लघुग्रहाच्या मार्गाचा अंदाज रुंद असतो. नवी निरीक्षणे येतात तसा तो आकसतो, आणि आकसणाऱ्या पट्ट्यात पृथ्वी असेपर्यंत टक्केवारी उलट वाढते. पृथ्वी पट्ट्याबाहेर पडली की ती एकदम कोसळते.

खरे तर ही रीत आम्हाला परकी नसावी. चाँदरातीला हेच तर चालते. कोणी चंद्र पाहिल्याचे सांगितले, की हिलाल कमिटी विचारते, कुठे पाहिला, किती वाजता, कोणत्या दिशेला, सोबत कोण होते? गावोगाव फोन होतात. साक्ष पटली नाही तर ती सोडून देतात. चंद्रयान-३ उतरले तेव्हा, "आम्ही चंद्रावर पोहोचलो, तुम्ही अजून चंद्र शोधताय," हा विनोद आम्हाला पुष्कळदा ऐकवला गेला. मला तो फारसा लागला नाही. शोधण्यात कमीपणा कसला? मात्र तीच माणसे घरी येऊन न तपासलेला मजकूर पुढे ढकलतात, हे मला लागते.

२९ मार्च २०२५ रोजी खंडग्रास सूर्यग्रहण होते. भारतातून ते दिसणार नव्हते. आपल्या घड्याळाने त्या दुपारी साधारण साडेचारला अमावास्या संपत होती. दुसऱ्या दिवशी, ३० तारखेला, पंचांगाच्या गणिताने गुढीपाडवा होता आणि आमचा एकोणतिसावा रोजा. त्या दिवशी सूर्यास्ताला चंद्राचे वय सव्वीस तासांच्या आसपास असणार होते, म्हणजे ढग नसले तर कोर नुसत्या डोळ्यांना दिसायला हवी होती. पाडव्याची गुढी उतरवायला गच्चीवर आलेले शेजारी आणि चंद्र पाहायला चढलेले आम्ही, दोघेही एकाच वेळी पश्चिमेकडे तोंड करून उभे असणार होतो. ज्यांना दिसेल त्यांनी आम्हालाही सांगावे. वेळ आणि दिशा मात्र विचारली जाईल.